२५ फुटी ट्रेलर, चार गिअरचा ट्रक आणि ओव्हरड्राइव्हचा घोळ

प्रश्न थोडक्यात असा. डेन्व्हरजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने २००४ ची वापरलेली शेव्हरोले सिल्वराडो १५०० घेतली आहे. इंजिन ५.३ लिटरचं व्ही-८, गिअरबॉक्स चार गिअरचा ऑटोमॅटिक, मागे २५ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर. पाणी, गॅस, सामान धरून ट्रेलरचं वजन अंदाजे ६,००० पौंड. आय-७० महामार्गाने डोंगर ओलांडून युटा राज्यातल्या मोआबला जायचं आहे. सराव म्हणून आधी पूर्वेकडच्या सपाट रस्त्यावर नेला, तर ताशी ६० मैलांवर गिअरबॉक्स सारखा चौथ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून चौथ्यात जात राहिला. शेजारी म्हणतात, "ट्रेलर मागे असताना ओव्हरड्राइव्ह (म्हणजे इथे चौथा गिअर) कधीच लावायचा नाही, बॉक्स जळतो." ट्रक विकणारा म्हणाला होता, "डी मध्ये टाका आणि विसरून जा, कॉम्प्युटर बघून घेतो." खरं कोणाचं?

दोघांचंही अर्धं अर्धं. पण तुमचा ट्रक, तुमचा ट्रेलर आणि तुमची उंची बघता शेजाऱ्यांचं पारडं जड आहे. फक्त त्यांनी दिलेलं कारण चुकलंय. ओव्हरड्राइव्हने बॉक्स जळत नाही, उष्णतेने जळतो. त्यामुळे ओव्हरड्राइव्ह चालू की बंद हा खरा प्रश्नच नाही. गिअर एका जागी टिकतो का, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणारा भाग) लॉक, म्हणजे थेट जोडलेला, राहतो का आणि ऑइल किती तापतं, या तीन गोष्टी बघायच्या. त्या ठीक असतील तर चौथ्यात खुशाल चालवा. नसतील तर तिसऱ्यात या, मग मागे ट्रेलर असो वा नसो.

आधी बॉक्समध्ये काय चालतं ते बघू. तुमचा बॉक्स ४एल६०ई. त्याचे रेशो पहिला ३.०६, दुसरा १.६३, तिसरा १.००, चौथा ०.७०. तिसरा म्हणजे डायरेक्ट. इंजिनाचा एक फेरा म्हणजे मागच्या शाफ्टचा एक फेरा. या गिअरला आतला सगळा प्लॅनेटरी संच (मधे सन गिअर, त्याभोवती छोटे पिनियन, बाहेर रिंग गिअर) एकसंध गोळ्यासारखा फिरतो, दात एकमेकांवर घासत नाहीत. चौथ्यात मात्र २-४ बँड नावाचा एक पट्टा ड्रमभोवती आवळला जातो आणि सन गिअरला जागच्या जागी धरून ठेवतो. छोटे पिनियन त्याच्याभोवती धावतात आणि रिंग गिअर इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरते. इंजिनाचा फेरा ०.७० तेव्हा शाफ्टचा १. वेग मिळतो तेवढा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी होतो, हे ओघानेच आलं. आणि सन गिअरला धरून ठेवण्याचं सगळं काम त्या एका पट्ट्यावर पडतं. गिअर जितक्या वेळा चौथ्यात जातो, तितक्या वेळा हा पट्टा फिरत्या ड्रमला घासून थांबवतो. चढउतार असलेल्या रस्त्यावर मिनिटाला दोन-तीनदा असं तासभर झालं, तर पट्ट्याचं अस्तर काळं पडायला वेगळं कारण लागत नाही.

पण पट्ट्याहून मोठा गुन्हेगार टॉर्क कन्व्हर्टर. लॉक नसताना तो ऑइलमधून शक्ती पुढे पाठवतो आणि त्यात थोडी घसर असतेच. ही घसर म्हणजे निव्वळ उष्णता. समजा इंजिन १०० हॉर्सपॉवर देतंय आणि कन्व्हर्टर १० टक्के घसरतोय. तर १० हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे साडेसात किलोवॉट, ऑइलमध्ये चालले. थंडीत खोलीत लावतो तो १,५०० वॉटचा हीटर डोळ्यासमोर आणा. असे पाच हीटर बॉक्सच्या ऑइलमध्ये बुडवून तुम्ही रस्ता कापताय. कन्व्हर्टर लॉक झाला की हे पाचही हीटर बंद. म्हणून गिअर कोणता याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, लॉकअप टिकतंय का याला महत्त्व आहे. चौथ्यात सतत पाय दाबून चालवलं की कॉम्प्युटर आधी लॉक सोडतो आणि तेवढ्याने भागलं नाही तर मग तिसरा टाकतो. तुम्हाला जाणवलेल्या खालीवर करण्यातले काही "गिअर" मुळात गिअर नसून लॉक सुटण्या-लागण्याचे असणार. टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा काटा) बघा: काटा ७०० च्या आसपास उडाला तर गिअर बदलला, २००-४०० ने हलला तर लॉक.

आता सपाट रस्त्यावरसुद्धा हे का झालं याचा हिशोब करू, कारण बऱ्याच जणांना तेच कोडं पडतं. आरपीएम, म्हणजे हे मिनिटाचे फेरे, काढायचं सूत्र सोपं आहे: ताशी मैल गुणिले ॲक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे) गुणिले गिअर रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातला व्यास. तुमचा ॲक्सल ३.७३ आणि टायर २४५/७५ आर१६ म्हणजे साडेतीस इंच धरले, तर ताशी ६० मैलांवर चौथ्यात सुमारे १,७२५ आणि तिसऱ्यात २,४६५ आरपीएम येतात. ॲक्सल ३.४२ असेल तर अनुक्रमे १,५८० आणि २,२६०. कोणता आहे ते शोधायला खाली आडवं व्हायची गरज नाही. ग्लोव्हबॉक्समध्ये बारीक अक्षरातल्या तीन-तीन अक्षरी कोडांचं स्टिकर असतं. त्यात जीयू६ दिसलं तर ३.४२, जीटी४ असेल तर ३.७३, जीटी५ असेल तर ४.१०. जीयू६ निघालं तर खाली लिहिलेलं सगळं आणखी कडकपणे पाळा.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे आठ फूट रुंद, दहा फूट उंच अशी सपाट भिंत. ट्रक-ट्रेलर मिळून साडेअकरा हजार पौंड धरले, तर ताशी ६० मैलांवर टायरांचा विरोध सव्वाशे-दीडशे पौंड आणि हवेचा साडेचारशेच्या घरात. ढोबळ हिशोबाने चाकांपाशी नव्वदेक हॉर्सपॉवर लागतात, वाटेतलं नुकसान धरून इंजिनापाशी शंभर. तुमच्या ५.३ लिटरचा टॉर्कचा कळस आहे ४,००० आरपीएमला. १,७२५ ला ते पाय तळाला टेकवूनही समुद्रसपाटीवर नव्वदीच्या पुढे फारसं जात नाही. त्यात डेन्व्हर ५,२८० फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के शक्ती गमावतं, म्हणजे इथेच १५-१६ टक्के गेली. हातात उरले पंच्याहत्तर आणि लागतात शंभर. तिसऱ्यात २,४६५ आरपीएमला तेच इंजिन उंचीची वजावट करूनही एकशे दहाच्या पुढे देतं. तिसऱ्यात गाडी आरामात चालते, पेडल हलकं होतं. कॉम्प्युटरला वाटतं भार कमी झाला, तो चौथा टाकतो. चौथ्यात दम नाही, वेग घसरतो, तुम्ही किंवा क्रूझ कंट्रोल पेडल दाबता, पुन्हा तिसरा. कॉम्प्युटरला पुढचा रस्ता दिसत नाही, पेडल आणि वेग एवढंच दिसतं. याला बिघाड म्हणता येत नाही. क्रूझ मात्र आधी बंद करा, तो हे खालीवर दुप्पट करतो.

आणि वारं. पूर्वेकडच्या मैदानात ताशी २० मैलांचं वारं समोरून असेल तर ट्रेलरच्या लेखी तुम्ही ८० ने चालला आहात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे साडेचारशेचे आठशे पौंड होतात. हे जास्तीचे साडेतीनशे पौंड म्हणजे तुमच्या वजनाला ३ टक्क्यांचा चढ. डोळ्यांना रस्ता टेबलासारखा सपाट दिसतो आणि ट्रक घाट चढत असतो. "सपाटीवर ओव्हरड्राइव्ह, डोंगरात तिसरा" हा सरधोपट नियम याच कारणाने फसतो. पाठीमागून वारं असेल तर याच रस्त्यावर याच ट्रेलरला चौथा गिअर छान पेलतो.

तर गाडीतच करून बघायची चाचणी. गिअर डी मध्ये, लिव्हरच्या टोकाचं टो/हॉल (ओझं ओढतानाचं) बटण चालू, वेग ताशी ६० ते ६२. (त्याहून जास्त नको. ट्रेलरला लागणारे एसटी टायर, वेगळं लिहिलेलं नसेल तर, बहुधा ६५ मैलांचेच असतात.) पाच मिनिटं पेडल जमेल तितकं स्थिर धरा. या पाच मिनिटांत गिअर एकदाही खाली आला नाही, काटा लॉक सुटल्यासारखा हलला नाही आणि अर्ध्याहून कमी पेडलवर वेग टिकला, तर चौथा चालेल. यातलं एकही बिनसलं तर लिव्हर ३ वर. त्यानंतर कन्व्हर्टर तिसऱ्यातही लॉक होतोय का ते बघायचं. स्थिर वेगात डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, गाडी थांबवायची नाही, फक्त ब्रेकचा दिवा लागेल एवढंच. ब्रेकचा स्विच लॉक सोडवतो. आरपीएम दोन-चारशेने वर गेला आणि पाय काढल्यावर काही सेकंदांत परत खाली बसला, तर लॉक व्यवस्थित होतं. काटा जागचा हललाच नाही तर लॉक नव्हतंच. पेडल थोडं सैल करून पुन्हा बघा. तरीही लागत नसेल, किंवा कॉम्प्युटर पी०७४१ सारखा (लॉक लागत नसल्याचा) बिघाडाचा कोड देत असेल, तर मोआब पुढे ढकला आणि आधी बॉक्स दाखवा. लॉकअप नसलेल्या ४एल६०ई ला ट्रेलर लावून खिंडीत नेणं म्हणजे नवीन बॉक्सचं बिल स्वतःच्या हाताने फाडणं.

"पण तिसऱ्यात पेट्रोल जास्त लागेल ना?" पुढचा प्रश्न हाच येतो. रिकाम्या ट्रकला हो. एवढा ट्रेलर मागे असताना फरक नगण्य. चौथ्यात इंजिन घुसमटत असेल तर थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडा राहतो, कॉम्प्युटर मिश्रण श्रीमंत करतो (हवेच्या मानाने पेट्रोल वाढवतो), नॉक सेन्सर टायमिंग मागे ओढतो (ठिणगी उशिरा पाडायला लावतो) आणि कन्व्हर्टर लॉक सोडतो. वाचवायला गेलेलं पेट्रोल असं चार वाटांनी निघून जातं. गॅलनमागे ८ ते १० मैल मिळणार, गिअर कोणताही असो. २,५०० आरपीएमचा आवाज ऐकून धास्तावू नका. या इंजिनाला २,५०० म्हणजे फेरफटका, चढावर ३,५०० सुद्धा त्याच्या लेखी नेहमीचं काम. कमी आरपीएम म्हणजे इंजिनाला आराम, ही समजूत मोकळ्या गाडीपुरती ठीक. ओझं असताना कमी आरपीएमलाच ते जास्त सोसतं. गाडीचं मॅन्युअलही याच्या विरोधात नाही. डी मध्ये ओढा, वारंवार गिअर बदलू लागला तर तिसऱ्यात या, असाच त्याचा सूर आहे. विकणाऱ्याने पहिलं वाक्य वाचलं, शेजाऱ्यांनी दुसरं.

टो/हॉल बटणाबद्दल थोडं. ते गिअर उशिरा वर टाकायला लावतं, बॉक्समधला ऑइलचा दाब वाढवतं त्यामुळे क्लच घट्ट पकडतात, आणि खालीवर करणं कमी होतं. म्हणून ते चालूच ठेवा. पण ते चौथा गिअर बंद करत नाही. आणि तुमच्या जुन्या मॉडेलमध्ये ते उतारावर आपणहून गिअर उतरवून गाडी रोखेल अशी आशा धरू नका, ती सोय नंतरच्या गाड्यांतली. उतारावर लिव्हर तुम्हालाच हलवायची आहे.

उष्णता मोजल्याशिवाय यातलं काहीच खात्रीने कळत नाही, म्हणून पहिला खर्च मोजण्यावर करा. डॅशबोर्डवर बॉक्सच्या तापमानाचा काटा नसेल तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायची जागा) ब्लूटूथचा ॲडॉप्टर लावा आणि फोनवर ॲप घ्या. जीएमच्या (शेव्हरोले बनवणाऱ्या कंपनीच्या) गाड्यांचं ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्सचं, तापमान दाखवणारं ॲप हवं, नुसतं इंजिनाचं नको. १७५ ते २०० अंश फॅरनहाइट म्हणजे उत्तम. लांब चढावर २२०-२३० पर्यंत काही वेळ गेलं तर घाबरायचं नाही, चढ संपल्यावर उतरतंय ना ते बघायचं. २४० ला वेग कमी करा, एक गिअर खाली या. २६० दिसलं तर सुरक्षित जागा बघून थांबा. पण इंजिन बंद करायचं नाही. पार्कमध्ये टाकून हजार-बाराशे आरपीएमवर चालू ठेवा म्हणजे पंप फिरत राहतो आणि ऑइल कूलरमधून जात राहतं. इंजिन बंद केलं की तापलेलं ऑइल आहे तिथेच कन्व्हर्टरमध्ये शिजत राहतं. धंद्यातला जुना ठोकताळा सांगतो की १७५ च्या वर दर २० अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. ऑइल गेलं की सील कडक होतात, सील कडक झाले की क्लचवरचा दाब गळतो, दाब गळला की क्लच घसरतात आणि आणखी उष्णता तयार होते. एकदा ही साखळी सुरू झाली की मधे तोडता येत नाही.

आता बॉक्सच्या ऑइलचा कूलर. ट्रकच्या तोंडावरच्या जाळीपुढे वाकून बघा, एसी कंडेन्सरच्या पुढे लहानसा वेगळा कूलर आहे का. नसेल तर बसवा. असेल आणि चिमुकला असेल तर मोठा घ्या. थरांच्या प्लेटांचा घ्या, नळीवर पंख जोडलेला जुन्या पद्धतीचा नको. खोक्यावर लिहिलेली वजनक्षमता ट्रक आणि ट्रेलर मिळून जेवढी होते त्याच्या दीडपटीहून कमी नसावी. जोडणीचा क्रम: बॉक्समधून ऑइल आधी रेडिएटरच्या टाकीत, तिथून नव्या कूलरमध्ये, तिथून परत बॉक्समध्ये. रेडिएटर वगळून थेट कूलर लावायचा सल्ला टेक्सासमधला कोणी देईल, तो कोलोरॅडोत घेऊ नका. जानेवारीत ऑइल गरमच होणार नाही. नळी ट्रान्समिशन ऑइलसाठी बनवलेलीच हवी, पेट्रोलची नळी काही महिन्यांत घाम येऊ लागल्यासारखी पाझरते. आणि कूलरच्या खोक्यात प्लास्टिकच्या काड्या येतात, त्या कंडेन्सरच्या जाळीतून आरपार खुपसून कूलर लटकवायचा असतो. तसं करू नका. हादऱ्यांनी त्या काड्या जाळी घासून भोक पाडतात, मग एसीचा गॅस गेला. पत्र्याच्या दोन पट्ट्या कापून बॉडीला बोल्ट करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

ऑइलचा इतिहास माहीत नसेल, आणि वापरलेल्या ट्रकचा तो कधीच माहीत नसतो, तर निघण्याआधी पॅन उतरवून फिल्टर बदला. यात साधारण ५ क्वार्ट ऑइल लागतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. जुन्या डेक्सरॉन-३ ऑइलच्या जागी आता डेक्सरॉन-६ चालतं. पॅनच्या तळाला लोहचुंबक असतं, त्यावर राखाडी बारीक लेप दिसला तर ती नेहमीची झीज. चकाकणारे कण किंवा काळे चुरे दिसले तर ट्रेलर विसरा. ऑइल करपलेल्या तेलासारखं वासत असेल तर तेही तसंच. नवीन ऑइल मेलेल्या क्लचला जिवंत करत नाही.

आता डोंगर. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की चढ लगेच सुरू होतो, आणि आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे. तिथपर्यंत इंजिनाची तिसऱ्या हिश्श्याएवढी शक्ती हवेत विरलेली असते. २९५ हॉर्सपॉवरचा ट्रक तिथे दोनशेचा उरतो. चढ ६-७ टक्के. या टप्प्यात चौथ्याचं नावही काढू नका. तिसरासुद्धा टिकणार नाही. ताशी ४०-४५ मैलांना दुसऱ्यात सुमारे ३,००० आरपीएम येतात, तोच तुमचा गिअर. वेग त्याच्याही खाली घसरला तर घसरू द्या, उजवी लेन धरा, हॅझर्डचे दिवे लावा. शेजारून भरलेले ट्रेलर ट्रक याच वेगाने चढत असतात, लाज वाटायचं कारण नाही. ही लढाई पायाने जिंकता येत नाही. चढाच्या पायथ्याला बॉक्सने आपणहून गिअर टाकेपर्यंत थांबू नका. वेग पन्नाशीकडे येऊ लागला की लिव्हर स्वतः २ वर घ्या. पेडल तळाला टेकवून जबरदस्तीने टाकलेला गिअर आणि वेळेत घेतलेला गिअर यांत क्लचच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत तेवढाच तीव्र उतार लागतो. अनावर झालेल्या ट्रकांसाठी तिथे रेतीचे चढ बांधलेले आहेत, त्यावरून उताराची कल्पना यावी. खंडाळा किंवा कसारा उतरलेल्या कोणालाही हे शिकवावं लागत नाही: ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं. लिव्हर बोगद्याच्या आत असतानाच २ वर हवी, उतार लागल्यावर नाही. इंजिनाचा आवाज ३,५०० पर्यंत गेला तर जाऊ द्या, पेट्रोल बंद असतं, ते फक्त बंद थ्रॉटलमधून हवा ओढायच्या कष्टाने गाडी रोखतंय. ब्रेक धरून ठेवायचे नाहीत. ४५ ठरवलेत तर ४५ ला पोचल्यावर ठाम दाबून तीन-एक सेकंदांत ४० वर आणा आणि पूर्ण सोडा, पुन्हा ४५ होईपर्यंत हात-पाय लावू नका. सतत हलके दाबून ठेवलेले ब्रेक तापून पकड सोडतात, आणि ट्रेलरचे विजेवर चालणारे ड्रम ब्रेक तर सगळ्यांत आधी. चौथ्यात उतरताना इंजिनाची रोख जवळपास शून्य असते, सगळं ओझं ब्रेकवर. ओव्हरड्राइव्हबद्दलचा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा माझ्या मते हाच आहे आणि त्याबद्दल कोणी भांडत नाही. बॉक्स जळला तर पैसे जातात, उतारावर ब्रेक गेले तर पैशांवर भागत नाही.

निघण्याआधी ब्रेक कंट्रोलरची (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या खोक्याची) गेन, म्हणजे ब्रेक किती जोराने लागतात ते, रिकाम्या कोरड्या जागेत ताशी २५ मैलांवर बघून घ्या: हाताने पूर्ण दाबल्यावर ट्रेलरने ट्रकला मागे ओढल्यासारखं जाणवलं पाहिजे, पण ट्रेलरची चाकं लॉक होता कामा नयेत. आणि ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर एकदा वजन करा. "अंदाजे ६,०००" हे ट्रेलरवाल्यांचं आवडतं खोटं आहे, पाणी भरल्यावर ते बहुधा ६,८०० निघतं.

पुढे व्हेल पास १०,६६२ फूट, तिथेही हाच पाठ. ग्लेनवूडच्या पुढे रस्ता नदीकाठाने चालतो आणि उंचीही उतरलेली असते. ग्रँड जंक्शनच्या अलीकडे-पलीकडे वारं पडलेलं असेल तर डी मध्ये ती पाच मिनिटांची चाचणी पुन्हा करून बघा. डेन्व्हरला नापास झालेला चौथा तिथे पास होऊ शकतो, आणि झाला तर चालवा, चोरी केल्यासारखं वाटून घेऊ नका.

हाच प्रश्न वेगळी गाडी असलेल्यांनीही विचारला आहे, त्यांच्यासाठी दोन-चार ओळी. वरचं सगळं चार गिअरच्या पेट्रोल ट्रकांचं, त्यात फोर्डचा ४आर७०डब्ल्यू आणि डॉजचा ४६आरई-४७आरई हेही आले. त्यांच्यात लिव्हरवर किंवा डॅशवर "ओ/डी ऑफ" बटण असतं, दाबलं की तिसरा शेवटचा. आठ किंवा दहा गिअरच्या नव्या गाड्यांत "ओव्हरड्राइव्ह बंद" याला अर्थ उरत नाही. फोर्डच्या १०आर८० मध्ये सातवा डायरेक्ट आणि वरचे तीनही ओव्हरड्राइव्ह, त्यातला आठवा ०.८५ चा, म्हणजे पायऱ्या जवळजवळ आहेत. तिथे टो/हॉल लावा, आणि तरी खालीवर करत असेल तर वरचे एक-दोन गिअर बटणाने रोखा. डिझेलचं गणित तर उलटंच. ५.९ लिटर कमिन्सचा टॉर्कचा कळसच १,६०० आरपीएमला, ते ओव्हरड्राइव्हमध्ये मजेत ओढतं. अपवाद हाताने गिअर टाकायच्या एनव्ही४५०० चा: पाचव्यात कमी आरपीएमवर जोर लावत राहिलं की पाचव्या गिअरचा नट ढिला होतो, हे त्या जोडीचं ओळखीचं दुखणं.

मोआबला पोचलात की ट्रेलर सोडवायच्या आधी, ऑइल गरम असतानाच, सपाट जागी ट्रक उभा करून इंजिन चालू ठेवा. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरांतून एकदा सावकाश फिरवून पार्कमध्ये आणा आणि बॉक्सच्या ऑइलची डिपस्टिक (पातळी बघायची पट्टी) काढा. इंजिन बंद करून बघितलेली पातळी या बॉक्समध्ये चुकीची येते. पहिल्यांदा पुसून, दुसऱ्यांदा काढून ऑइलचा एक थेंब पांढऱ्या कागदी रुमालावर टाका आणि नाकाशी न्या. निघताना टाकलेला थेंब त्याच रुमालाच्या कोपऱ्यात ठेवला असेल तर दोन्ही शेजारी शेजारी दिसतील. लाल राहिला असेल तर परतीलाही याच गिअरांनी या. तपकिरी झाला असेल तर परतीला वेग ५५ ठेवा, चढांवर आणखी एक गिअर लवकर घ्या, आणि घरी आल्यावर पॅन पुन्हा उतरवा.